बावन्न पत्त्यांची मागची बाजू

मी पत्रकांवर वाढलो. वडिलांच्या चळवळीची उरलेली पत्रकं घरात पोत्यानं असायची. माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची, चुलीत पहिला जाळ पत्रकाचा, आणि बाराखडी गिरवली तीही पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर. एका बाजूला छापून दुसरी कोरी सोडणं ही गरीब देशातली उधळपट्टी आहे, असं माझं तेव्हापासून ठाम मत होतं. या मतामुळे पारोळ्याजवळच्या एका गावातलं वाचनालय वर्षभर लांबलं.

धुळ्याला कॉलेजात असताना आमचं पाच जणांचं अभ्यासमंडळ होतं. त्या गावात आम्ही दोन पत्र्याच्या पेट्या भरून पुस्तकं नेली होती. ठेवायला जागा मिळेना, म्हणून पेट्या एका गोठ्यात होत्या आणि वाचनाचं काम तूर्त उंदीर करत होते. गावात रिकामी खोली एकच होती, नानांची. नाना नात्यानं माझे मामा, पण अख्खं गाव नाना म्हणायचं म्हणून मीही तेच म्हणायचो. त्यांच्या ओट्यामागची ती खोली वर्षभर बंद असे आणि आखाजीला पत्त्यांसाठी उघडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि पुरुष तीन दिवस पत्ते खेळतात. नानांच्या ओट्यावर पैसे लावायला बंदी होती. तीन दिवसांच्या शेवटी जो हरेल त्यानं जिंकणाऱ्याच्या घरी एक दिवस पाणी भरायचं, एवढाच डाव. पण वैशाखात विहिरीचं पाणी कुठं गेलेलं असतं ते ज्याला माहीत आहे, तो या डावाला हलका म्हणणार नाही.

एका आखाजीला मी त्या ओट्यावर उभा राहून पत्त्यांविरुद्ध भाषण केलं होतं आणि पत्रकं वाटली होती. लोकांनी ती मुकाट्यानं घेतली आणि त्यांच्यावर गुण मांडले. भाषण संपल्यावर नाना म्हणाले की तुला एवढं सांगायचं आहे तर पत्त्यांवरच छाप, निदान हातात तरी राहील. आणि हसता हसता अट घातली, "आखाजीना तीन दिन तुन्हा पत्तासवर खेळूत. टिकनात ते खोली तुमनी."

मंडळात कोणीही पत्त्याला हात लावलेला नव्हता. ते आमचं तत्त्व होतं. त्यामुळे रचना ठरवायला अडचण आली नाही. राजा, राणी आणि गुलाम या तिन्ही गोष्टी आम्हाला अमान्य होत्या. त्यांच्या जागी शेतकरी, शेतमजूर बाई आणि विद्यार्थी आले. मग एकानं विचारलं की शेतकऱ्यानं शेतमजूर बाईला मारायचं, हे आपण छापणार आहोत का? यावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी बाईला वर नेलं. सगळे पत्ते समान ठेवावेत अशीही एक सूचना होती. ती आम्ही छापखान्यातल्या आबांना ऐकवली. आबांनी विचारलं, "मग हात कोण उचलणार?" सूचना मागं घेण्यात आली.

आबा ट्रेडल मशीन चालवायचे. पायानं मशीन, हातानं कागद, तोंडात सुपारी. मी त्या छापखान्यात प्रुफं तपासत असे, म्हणून सुटीच्या वेळात मशीन मिळालं. कागद लग्नपत्रिकांचा उरलेला होता, एका बाजूनं चकचकीत आणि दुसऱ्या बाजूनं खरखरीत. पहिला जोड आम्ही चकचकीत बाजूवर छापला. दोन दिवस दोरीवर टांगूनही बोटाला शाई लागत होती. आबा म्हणाले, शाई कागदात मुरते, इथं ती नुसती बसली आहे. दुसरा जोड खरखरीत बाजूवर छापला. शाई वाळली, पण चार घामट हातांतून फिरल्यावर पत्ते पोहे भिजावेत तसे फुगले. पिसायला घेतले तर गठ्ठा दोन ठिकाणी अडला आणि तिसऱ्या ठिकाणी फाटला.

मग आबांनी खिशातून स्वतःचा पत्ता काढला. ते रोज दुपारी खेळत, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी पत्ता दोन बोटांत वाकवला आणि सोडला. तो सरळ झाला. उन्हासमोर धरला, तर पलीकडचं काही दिसेना. आमचा पत्ता वाकवला तो वाकलेलाच राहिला, आणि उन्हासमोर धरल्यावर आतला शेतकरी पाठीतून स्पष्ट दिसू लागला. खरा पत्ता हा एक कागद नसतो, दोन असतात, आणि मधे काळी खळ असते, असं आबांनी सांगितलं. मी अर्थशास्त्र शिकत होतो. एवढी ठोस माहिती मला तीन वर्षांत मिळाली नव्हती.

तिसरा जोड आबांनी केला. दोन पातळ कागद, मधे गव्हाच्या खळीत कंदिलाची काजळी, वर पुस्तकं दाबायचं यंत्र चार दिवस. तेव्हा कुठं छपाई. मग प्रत्येक पत्ता शंखानं घोटला आणि वर शंखजिऱ्याची पूड चोळली. पत्ते एकमेकांवरून घसरायला लागले. लाल शाई मात्र लग्नपत्रिकांचीच होती, तेलकट. आबा म्हणाले, ही एकदा वाचून ठेवून द्यायच्या कागदाची शाई आहे, हातात खेळवायची नाही. पण दुसरी लाल नव्हती.

प्रश्न उरला मागच्या बाजूचा. आबांनी एक बारीक जाळीचा ब्लॉक काढून ठेवला होता, सगळ्या पत्त्यांना तोच. मी म्हणालो, ही जागा वाया कशाला घालवायची? बावन्न पाठी म्हणजे बावन्न घोषणा. दारूबंदी, साक्षरता, हुंडाबंदी, कसेल त्याची जमीन.

"मागं काही नसतं, म्हणून पुढच्याला किंमत असते," आबा म्हणाले.

मी त्यांना कागदटंचाईवर दहा मिनिटं समजावलं. आबा एकदाच सांगत. त्यांनी सुपारी थुंकली आणि घोषणांसाठी अक्षरांचे खिळे जुळवायला घेतले.

आखाजीच्या सकाळी ओट्यावर नानांनी एक पत्ता वाकवून सोडला. गठ्ठा पिसला. आवाज बरोबर आला. "पत्ता चांगला शे रे भो," ते म्हणाले, आणि मी मनातल्या मनात खोलीत फळ्या ठोकायला लागलो. मेंढीकोट सुरू झाला, चार जण, दोन जोड्या, दश्श्या पकडायच्या. नानांच्या समोरच्या जोडीत गावातले किराणा दुकानदार होते. त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठ पाटी वाचावी तसे शांतपणे पत्त्यांच्या पाठी वाचत होते. तिसऱ्या डावाला ते हळूच म्हणाले, "नाना, कसेल त्याची जमीन तुमच्याकडे आहे."

ती बदाम दश्शी होती. नानांनी पत्ता उलटा करून पाहिला, मग सुलटा, मग माझ्याकडे पाहिलं.

"मन्हा हातमा काय शे, ते बठ्ठा गावले माहीत शे," ते म्हणाले.

तिथंच खेळ मोडायला हवा होता. पण नानांनी शब्द दिला होता. पारोळ्याच्या बाजारात बैलाचा सौदा करताना दोघं उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात, बाजूच्याला कळू नये म्हणून. नानांनी उपरणं डोक्यावरून पुढं ओढलं आणि पत्ते त्या तंबूत धरले. बाकीच्या तिघांनीही तेच केलं. वैशाखाच्या दुपारी चार मोठी माणसं बुरख्यात बसून मेंढीकोट खेळू लागली. झोक्यावरच्या बाया गाणं थांबवून बघायला आल्या.

संध्याकाळपर्यंत लाल शाईला घाम लागला. बदाम आणि चौकट एकमेकांना चिकटू लागले. वाटताना दोन पत्ते मिळून एक पडे, मग कोणाकडे चौदा, कोणाकडे बारा. शेठ न बघता अंगठ्यानंच लाल ओळखू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी नानांनी उपरणं काढलं तेव्हा, हातातल्या पत्त्यांसकट घाम पुसल्यामुळे, त्यांच्या कपाळावर हुंडाबंदी उलटी उमटली होती. त्यांनी माझे पत्ते बांधून बाजूला ठेवले आणि कोनाड्यातला जुना जोड काढला.

तिसऱ्या संध्याकाळी नानांची जोडी हरली. दुसऱ्या दिवशी साठीच्या पुढचे नाना शेठच्या घरी पाणी भरत होते. मी मदतीला गेलो तर घागर दिली नाही. डाव माझा होता, म्हणाले. मी रिकाम्या हातानं त्यांच्यामागून विहिरीपर्यंत गेलो आणि परत आलो, असं अकरा वेळा. खोलीबद्दल मी विचारलं नाही. शेवटच्या खेपेला पत्ते पुन्हा आणायला त्यांनीच सांगितलं, "पुढला साल आखो लय. मांगे काहीच छापू नको."

मंडळात यावर मतदान झालं. घोषणेविना पाठ ही तडजोड आहे, असं मी बोललो आणि एका मतानं हरलो. आबांनी बाहेरून लाल शाई मागवली आणि तो जाळीचा ब्लॉक काढला. तो कपाटात वरच होता.

पुढच्या आखाजीला पत्ते तिन्ही दिवस चालले. शेतमजूर बाईला सगळे राणीच म्हणत होते. चौथ्या दिवशी नानांनी खोलीची किल्ली दिली आणि आम्ही उंदरांनी ठेवलेली पुस्तकं फळ्यांवर लावली. दारावरची पाटी मी लिहिली. वाचनालय रोज संध्याकाळी उघडं असतं. आखाजीचे तीन दिवस बंद असतं, कारण खोलीत पत्ते चालतात.