देवगावच्या धुरात हरवलेला दगड

लोक छत्रपती संभाजीनगरला लेणी पाहायला जातात. मी गेलो तो मोकळी, काळोखी पश्चिम शोधायला. पृथ्वीजवळून जाणारा एक लघुग्रह, म्हणजे अवकाशातला भटका दगड, मी नुकताच दुर्बिणीतून काढलेल्या छायाचित्रांत हेरला होता. त्याची कक्षा पक्की व्हायला आणखी एका संध्याकाळची छायाचित्रं हवी होती. ती हुकली, की दुसऱ्याच दिवसापासून तो सूर्याच्या उजेडात शिरणार आणि कायमचा हातचा जाणार. पुण्याच्या आकाशावर माझा भरवसा नव्हता. तिथे हल्ली शुक्रसुद्धा शोधावा लागतो.

शहरातल्या औरंगपुऱ्याच्या गर्दीत तिथल्या एका मित्राने जीप ठरवून दिली. दुर्बिणीची पेटी मी मांडीवर घेतली. चालक सलीमभाई वैतागले. "साब, पीछे रख दो ना. बच्चा थोडी है!" मी पेटी आणखी घट्ट धरली.

देवगाव रंगारीला मित्राच्या मामांचं, आसाराममामांचं शेत. त्यांना मी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की संध्याकाळी शेतात बसायला जागा हवी आणि पश्चिमेला झाड नको. पोचलो तर सतरंज्या अंथरलेल्या, भावकी जमलेली, आणि नेमकी पश्चिमेच्या बांधाला आगटी (हुरडा भाजायचा खड्डा) पेटलेली. गोवऱ्यांचा धूर थंडीने वर न जाता ज्वारीवर पसरला होता. माझा दगड त्याच्याच मागे होता.

"मामा, हे काय?"

"आता पौषात शेतात बसायला जागा मागितली, म्हंजी हुरडाच की! दुसऱ्या कशाला कोण येतंय इथं?"

दुर्बीण मांडता मांडता मी दगडाची सगळी कथा सांगितली. मामांचा चेहरा खर्रकन उतरला. "आरं, इझवा त्यो इस्तू (विस्तव)!" म्हणत त्यांनी स्वतःच घागर पालथी केली. आगीतून फुफाट्यात! ओल्या गोवऱ्यांचा धूर दुप्पट झाला. दुर्बीण उचलून दुसरीकडे मांडावी, तर ती पुन्हा जुळवेपर्यंत दगड मावळणार. मी तिथूनच छायाचित्रं काढत राहिलो. एकामागून एक, सगळी राखाडी.

मग तो क्षितिजाखाली गेला. मला रडू आलं. धुराची सबब आयतीच होती, ती मी घेतली.

मामी हुरड्याचं ताट घेऊन आल्या, वर लसणाची चटणी. "खावा सर. लई कोवळा हाय." हुरडा खरंच गोड होता. त्या गोडीचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

निघताना मामा जीपशी घुटमळले. "सर, त्यो दगड पुन्हा कवा येतो?"

"कक्षाच कळली नाही, मामा. आता सांगता येत नाही."

"येऊ द्या कवा बी. तुमी निस्ता फोन करा. त्या साली आमी इस्तू पेटवणार नाय."

पुण्याच्या गाडीत मांडीवर पेटी होती आणि पेटीवर मामींनी बांधून दिलेला हुरडा. दगड परत येईल, त्याला त्याची वाट ठाऊक आहे. पण तोवर त्याला ओळखणारं कुणी नसेल. कुणीतरी नवा म्हणून त्याची नोंद करील, नवं नाव देईल. इकडे मामा दर पौषात आगटी पेटवण्याआधी माझ्या फोनची वाट बघतील, आणि मला काहीच सांगता येणार नाही.