सहा किलो सहाशे

त्या बाळाचं वजन सलग तिसऱ्या महिन्यातही सहा किलो सहाशेच भरलं, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवर आमची वस्ती आहे, आणि तिथल्या अंगणवाडीत मी सेविका आहे. ही गोष्ट माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली. गाणी, गोष्टी, खिचडी, लसीकरणाच्या दिवशी घरोघर जाऊन आयांना बोलावून आणणं, हे सगळं मला जमायचं. महिन्यातून एक दिवस मात्र नकोसा वाटायचा. तो वजनाचा दिवस.

आकड्यांना मी लहानपणापासून भ्यायचे. आठवीत बीजगणित सुरू झालं आणि आमचे सर फळ्यावर समीकरण लिहून माझं नाव घ्यायला लागले. मी खडू घेऊन उभी राहायची. सर म्हणायचे, "उत्तर राहू दे, एक्स म्हणजे काय तेवढं तरी सांग." वर्ग हसायचा. मला खरंच माहीत नव्हतं. एक्स म्हणजे सरांनी लपवून ठेवलेलं काहीतरी, आणि ते मला सापडत नाही म्हणून मी मूर्ख, एवढंच मला कळायचं. दहावीला भूमितीची प्रमेयं पाठ करून कशीबशी सुटले, आणि पुन्हा गणिताच्या वाटेला गेले नाही.

अंगणवाडीत तुळईच्या हुकाला ताणकाटा टांगलेला असतो. स्प्रिंगचा, घड्याळासारखा गोल. खाली झोळी. झोळीत बाळ ठेवायचं, काटा स्थिर झाला की आकडा वाचायचा, मोबाइलमध्ये भरायचा आणि बाळाच्या कार्डावर ठिपका द्यायचा. कार्डावर आडव्या रेघेवर महिने, उभ्या रेघेवर किलो. मागे हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे. वय वाढतं तसे पट्टे वर चढत जातात, म्हणून ठिपक्यांची रेघही वर चढायला हवी. ती आडवी गेली, तर बाळ आपोआप हिरव्यातून पिवळ्यात उतरतं.

ही मुलगी अकरा महिन्यांची होती. आईचं पहिलं बाळ. घर चांगलं, उसाचं रान, गोठ्यात सात-आठ गाई. घरात शब्द चालायचा तो बाळाच्या आजीचा. नवव्या महिन्यात वजन सहा किलो सहाशे, हिरव्या पट्ट्याच्या काठावर. दहाव्याला तेवढंच. अकराव्याला पुन्हा तेवढंच, आणि ठिपका पिवळ्यात.

मी कार्ड घेऊन त्यांच्या घरी गेले. आजी ओट्यावर बसल्या होत्या.

"काकू, बाळाचं वजन वाढत नाही. एकदा बारामतीला डॉक्टरांना दाखवू या का?"

"आमच्या घरात? बाय, हितं रोज घागरीनं दूध निघतं. कुपोषित लेकरं आमच्या दारात शोधतीस व्हय?"

आतल्या दारात सून उभी होती, बाळ कडेवर. ती काहीतरी बोलणार असं वाटलं, पण बोलली नाही. मी कार्ड पिशवीत टाकलं आणि परत फिरले. खरं सांगायचं तर आजींच्या आवाजानं माझे पाय तिथून निघायच्याच तयारीत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मी घरी पडवीत सगळ्या मुलांची कार्डं पसरून बसले. माझे सासरे शेजारी खाटेवर होते. घरात सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही. माळेगावकडच्या साखर कारखान्यात त्यांनी उसाच्या वजनकाट्यावर सारी नोकरी काढली. माणूस तापट, कानानं कमी, आणि मला शिकवायला वगैरे बसेल असा मुळीच नाही.

"काय बघतीस एवढं?"

मी सांगितलं. त्यांनी कार्डं मागितली, हात लांब करून एकेक पाहिलं.

"मागच्या महिन्यात ही एक सोडून समद्यांचीच रेघ वर गेलीया?"

"हो ना. इंदापूरच्या बैठकीत पर्यवेक्षिका मॅडमनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या."

"एकाच महिन्यात? समद्यांची?"

"हो."

त्यांनी कार्डं खाली ठेवली. "काट्यावर आस्ताना एकाच दिवशी समद्या गाड्यांचं वजन वाढलं आस्तं, तर मी ऊस बघितला नसता. काटा बघितला आस्ता."

त्या टाळ्या मला आठवल्या, बाकीच्या सेविकांनी वळून माझ्याकडे पाहिलं होतं ते आठवलं. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. काटा सगळ्यांना जास्त वजन दाखवत असेल आणि हे एकच बाळ तेवढ्यालाच थांबलं असेल, तर ते थांबलेलं नाही. ते उतरतंय. रात्री मला नीट झोप लागली नाही.

सोमवारी मुलं घरी गेल्यावर तात्या काठी टेकत अंगणवाडीत आले. येताना त्यांनी दुकानातून मिठाचे एकेक किलोचे पुडे आणले होते. दुकानात पाचच शिल्लक होते. दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्यांनी प्रत्येक पुडा आधी मोजून घेतला होता. "पुडा खरा हाय का ते आधी बघावं लागतं," ते म्हणाले.

आमची मदतनीस, जिला सगळे मावशी म्हणतात, भांडी घासायचं सोडून दारात येऊन उभी राहिली.

रिकाम्या झोळीला काटा शून्यावर होता. मी दोन पुडे ठेवले. दोन किलो दोनशे.

"दोनशे ग्रॅम जास्त," मी म्हणाले, आणि खरं तर मला हायसं वाटलं. सहा किलो सहाशेमधून दोनशे वजा केले की सहा किलो चारशे. पिवळाच पट्टा. "तात्या, प्रत्येकाचे दोनशे कमी करायचे, झालं."

"वजा करून भागंल का न्हाय ते आत्ताच कसं कळंल? अजून ठेव."

तीन पुडे ठेवले. काटा तीन किलो तीनशेवर थांबला. मला वाटलं, मीच चुकीचं वाचलं. पुडे काढले, पुन्हा ठेवले. तीन किलो तीनशे. चार पुड्यांना चार किलो चारशे. पाचांना पाच किलो पाचशे.

मी मुलांच्या फळ्यावर दोन रांगांत आकडे लिहिले. एका रांगेत खरं वजन, दुसऱ्या रांगेत काट्याचं. काटा ठरावीक दोनशे वाढवत नव्हता. जेवढं वजन टाकाल, त्याचा दहावा भाग वर चढवत होता. जड मुलाला जास्त, हलक्याला कमी, पण सगळ्यांना एकाच प्रमाणात.

"आता सहाव्या पुड्याचं बघा की," मावशी म्हणाली.

सहावा पुडा नव्हता. आणि मला जे हवं होतं, ते तर उलट्या बाजूचं होतं. काटा सहा किलो सहाशे दाखवतो, तर झोळीत किती आहे? मी तात्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला तोंडानं येतं. तू लिहून काढ. उद्या कागदावर तुलाच द्यावं लागणार हाय."

खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिले, तशीच, आठवीतल्यासारखी. आणि तेव्हा मला कळलं की एक्स कुणी लपवलेला नाही. एक्स म्हणजे ते बाळ. त्याचं खरं वजन, जे आत्ता इथं कुणालाच माहीत नाही. मी लिहिलं: एक्स, अधिक एक्सचा दहावा भाग, बरोबर सहा पूर्णांक सहा दशांश. दोन्ही बाजूंना दहानं गुणलं. अकरा एक्स बरोबर सहासष्ट.

शेवटची ओळ लिहायच्या आधीच उत्तर दिसलं होतं, तरी मी लिहीत नव्हते. मग लिहिलं. सहा.

कार्ड उघडलं. अकराव्या महिन्याच्या उभ्या रेघेवर सहा किलोचा ठिपका लाल पट्ट्यात पडत होता.

मागून हुंदका ऐकू आला. मावशी दाराला टेकून खाली बसली होती. "माझ्या हातनं झालं बाय. मागं गव्हाचं पोतं आलं तवा मी ते ह्याच काट्याला लावून बघितलं, भरून हाय का ते. लय खाली वढला गेला. नंतर शून्यावर आला म्हणून मी बोलले न्हाय." पोतं बाळाच्या दहाव्या महिन्यातल्या वजनाआधी आलं होतं. तारीख जुळत होती.

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण टाळ्या मी घेतल्या होत्या.

मी बाहेर जाऊन पर्यवेक्षिका मॅडमना फोन लावला. सगळं दोनदा सांगावं लागलं.

"आता सांगताय? दोन महिन्यांचा अहवाल वर गेलाय. सगळ्या मुलांची वजनं चुकीची?"

"हो मॅडम. आणि एक बाळ लाल पट्ट्यात असेल."

त्या म्हणाल्या, "आधी बाळाकडे जा. तुमचं नंतर बघू." ते 'नंतर बघू' माझ्या डोक्यातून जाईना.

उपकेंद्रातल्या नर्सताईंकडे बाळांचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. त्या तो घेऊन स्कूटीवरून आल्या आणि आम्ही दोघी त्या घरी गेलो. अख्ख्या वाटेत मी एकच मागत होते, की माझं गणित चुकलेलं असू दे. आयुष्यभर चुकलं, आज एकदा कामाला येऊ दे.

आजी ओट्यावरच होत्या. "परत आलीस?"

"काकू, चूक माझी आहे. आमचा काटा बिघडलाय. बाळाचं वजन पुन्हा करायला आलोय. बरोबर भरलं तर मी परत तुमच्या दारात ही गोष्ट काढणार नाही."

आपली चूक सांगायला आलेल्या बाईला काय बोलावं, ते त्यांना बहुधा सुचलं नाही. त्यांनी सुनेला हाक मारली. बाळाला कपडे काढून काट्यावर ठेवलं. ते रडलंसुद्धा नाही, नुसतं बघत राहिलं. आकडे वरखाली झाले आणि थांबले. पाच किलो नऊशे ऐंशी.

माझं उत्तर बरोबर आलं होतं, आणि बरोबर आल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

नर्सताईंनी बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू खाली बसली. "जुलाब होतायत का?"

सून सासूकडे न बघता म्हणाली, "दीड-दोन महिने झाले. पातळ होतीया. आत्याबाई म्हणल्या, दात येत्यात."

आजी उठल्या, आत गेल्या, आणि पदर डोक्यावर घेऊन पिशवीसकट बाहेर आल्या. "मी पण येते," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या घरच्या जीपमधून आम्ही बारामतीला निघालो. कन्हेरीच्या आसपास बाळानं डोळे मिटले, आणि आईनं इतक्या घाईनं त्याला हलवलं, की आजी ओरडल्या, "झोपू दे गं तिला!" पण लगेच स्वतःच वाकून त्यांनी बाळाच्या नाकापाशी बोट धरलं. तोवर मला वाटायचं, की त्या घरात आजींना कशाचीच भीती नसते.

सरकारी दवाखान्यात अशा बाळांसाठी वेगळी खोली आहे. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "अंगातलं पाणी कमी झालंय. आणायला उशीर केलात." त्या सगळ्यांनाच उद्देशून बोलल्या. मला ते माझ्या एकटीसाठी ऐकू आलं.

मायलेकी तिथं दोन आठवडे राहिल्या. मी रोज सकाळी फोन करायची आणि तिची आई फक्त आकडा सांगायची. पाच नऊशे. पाच नऊशे. सहा. मग एक दिवस पुन्हा कमी झालं, आणि त्या दिवशी माझ्याच्यानं खिचडी ढवळवेना. नंतर मात्र ती वाढत गेली. घरी आली तेव्हा गालाची हाडं तेवढी वर दिसत नव्हती, आणि वजन करताना जोरात रडली. नर्सताई म्हणाल्या, "रडतीय ते चांगलं."

मला नोटीस आली. खुलासा द्या. फळ्यावरच्या दोन रांगा मी कागदावर उतरवल्या, खाली समीकरण लिहिलं, आणि त्याखाली लिहिलं की काटा दर महिन्याला तपासणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. पोत्याचं लिहिलं. मावशीचं नाव लिहिलं नाही. मॅडमनी कागद वाचला, म्हणाल्या, "पुढच्या वेळी एवढं धाडस आधी करा," आणि नवीन काट्याची मागणी वर पाठवली. नोकरी राहिली.

पण काम संपलं नव्हतं. सगळ्या मुलांचे त्या दोन महिन्यांचे आकडे मी एकेक करून अकरानं भागले, दहानं गुणले, ठिपके खोडून नव्यानं दिले. हिरव्यातली आणखी दोन मुलं पिवळ्यात आली. त्यांच्या घरी जाऊन सांगायचं होतं, की मी तुम्हाला लेकरू छान वाढतंय म्हणाले, ते खरं नव्हतं.

पहिल्या घरी बाळाच्या आईनं मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि आहार कसा द्यायचा ते विचारलं. दुसऱ्या घरी मी दाराशी पोचायच्या आतच कुणीतरी आतून कडी लावली. मी चपला काढल्या, कार्ड हातात धरलं आणि दार वाजवलं.