अण्णांचे आठ दिवस

"सोलापूर केंद्राचा डेटा या वर्षी बाजूला ठेवावा लागेल," असं रेड्डी सर म्हणाले तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

मीटिंग ऑनलाइन होती. बाहेर फेब्रुवारीचं कोवळं ऊन होतं आणि काढणीला आलेली ज्वारी उभी होती. मला मात्र तिच्यात जानेवारीतला हिरवा पट्टा दिसत होता. सगळं रान पिवळं पडल्यावरही हिरवा राहिलेला तो एकच पट्टा, आमचा एक्केचाळीस नंबरचा वाण. मीटिंगमध्ये माझं लक्ष असं रानात जाऊन बसतं आणि कुणी हाक मारल्याशिवाय परत येत नाही. खोड जुनी आहे.

"मॅडम, ऐकताय ना?"

मी हो म्हटलं. मग सरांचं वाक्य माझ्यापर्यंत पोचलं.

मी ज्वारी पैदासकार आहे. म्हणजे दोन ज्वाऱ्यांचा संकर करायचा, त्यातून शेकडो ताटं वाढवायची आणि वर्षानुवर्षं निवडत बसायचं. एक्केचाळीस नंबरमागे माझी अकरा वर्षं गेली. रब्बीची ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. ओल संपली की पानं वाळतात आणि दाणा भरायचा राहतो. एक्केचाळीसची पानं उशिरा वाळतात. हा गुण दिसतो तो सोलापूरच्या कोरड्या रानातच. त्यामुळे आमचा डेटा बाजूला ठेवायचा म्हणजे एक्केचाळीसलाच चाचणीतून घरी पाठवायचं.

पूर्वी या चाचणीची चारही केंद्रं आपापल्या वह्यांमध्ये नोंदी करायची आणि हंगाम संपल्यावर तक्ते पोस्टाने हैदराबादच्या मुख्य ऑफिसात जायचे. या वर्षीपासून सगळ्यांची एकच शेअर्ड शीट आहे. मी इथे आकडा भरला की तिकडे धारवाडलाही दिसतो. तशीच आमची चूकही सगळ्यांना दिसत होती.

रेड्डी सर या प्रकल्पाचे प्रमुख. त्यांनी पडद्यावर आलेख दाखवला. तीन केंद्रांत ज्वारी सत्तर दिवसांच्या आसपास फुलोऱ्यात आली होती. सोलापुरात ऐंशी दिवसांनी. एक वाण नाही, झाडून सगळे.

"पेरणीची तारीख चुकली असेल," धारवाडवाले म्हणाले.

"नाही. पेरणीला मी स्वतः होते."

"मग मॅडम, कारण शोधा," सर म्हणाले. "दोन दिवस देतो."

आमच्याकडे नोंदी घेतात सिद्राम अण्णा. अक्कलकोटकडचे. कानडी आणि मराठी दोन्ही बोलतात आणि ज्वारीशी बहुतेक तिसऱ्याच कुठल्या भाषेत. ज्वारी पोटरीत आली, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात आहे, हे ते नुसता हात लावून सांगतात. रानात मोबाईलला रेंज नाही. म्हणून ते आधी वहीत लिहितात आणि महिन्याच्या शेवटी ऑफिसात बसून टॅबवर भरतात. टॅब विचारतो, मागच्या नोंदीपासून किती दिवस झाले? अण्णा आकडा टाकतात. बेरीज शीट करते. खाली अप्रूव्ह मी करते.

मीटिंग संपल्यावर मी रानात गेले. अण्णा बांधावर बसून कणसं मोजत होते.

"अण्णा, नोंद किती दिवसांनी घेता?"

"आठ दिवसांनी की."

"चुकत नाही ना कधी?"

"न्हाय मॅडम. सोमवार म्हंजी सोमवार. ताप आला व्हता तवाबी आलो व्हतो."

मी मान डोलावली. माझं समाधान झालं. माणूस चोख होता, वही चोख होती. मग बियाणं तपासलं, मातीतल्या ओलीचे आकडे तपासले, अगदी टॅबची बॅटरीसुद्धा तपासली. काही सापडेना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी एक्केचाळीसला मनातल्या मनात निरोप द्यायला लागले होते. वाईट वाटत होतं. खरं सांगायचं तर रडू येत होतं.

शेवटी सौजन्याला फोन लावला. ही हैदराबादच्या ऑफिसातली डेटा बघणारी मुलगी. वयाने माझ्या लेकीएवढी. तिने ज्वारी उभी कधी पाहिली असेल असं वाटत नाही, पण आकडे तिच्याशी बोलतात.

"हमारी कुछ गलती नहीं है गं," मी तिला माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. "आमचे अण्णा आठ दिन के बाद जातेच हैं. हर मंडे."

ती म्हणाली, "मॅडम, एक मिनिट. आठ दिन के बाद, या हर मंडे?"

"हर मंडे. आठ दिन के बाद."

"मॅडम, दोनों कैसे होगा?"

मी फोन कानाला धरून बोटं मोजली. सोमवार, मंगळवार, बुधवार. पुढचा सोमवार आठव्या बोटावर आला. सोमवार ते सोमवार आठ बोटं आणि सात दिवस. जन्मभर मी 'आठ दिवसांनी ये' म्हणत आले आणि लोक सातव्या दिवशी येत आले. कुणाचं काही अडलं नाही. आठवड्याच्या नावातच आठ आहे. अण्णा टॅबवर प्रत्येक सोमवारच्या नोंदीला आठ टाकत होते आणि शीट बिचारी इमानदारीने मिळवत होती. दहा फेऱ्या, ऐंशी दिवस. खरे सत्तर.

मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. अण्णांनी मला काल हेच दोन वाक्यांत सांगितलं होतं आणि मी त्यावर मान डोलावली होती. आम्ही दोघं एकाच भाषेत चुकत होतो, म्हणून एकमेकांना ऐकू आलो नाही.

अण्णांच्या वहीत प्रत्येक पानावर वर 'सोम' लिहिलेलं होतं. शीटमध्ये वाराला रकानाच नव्हता. मी सगळी पानं स्कॅन करून पाठवली. संध्याकाळी सरांचा फोन आला. "वही पाहिली. डेटा घेतो. अभिनंदन मॅडम."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण ऑफिसात मी एकटीच होते, दिवा लावायचंही सुचलं नव्हतं आणि मन परत जानेवारीतल्या हिरव्या पट्ट्यात शिरलं. एक्केचाळीस नेहमीच्या वाणापेक्षा आठ दिवस जास्त हिरवा राहतो, हे मी अकरा वर्षं प्रत्येक रिपोर्टात लिहीत आले. ते आठ कुठून आले? अण्णांच्या एका फेरीतून. नेहमीचा वाण वाळला त्या सोमवारपासून एक्केचाळीस वाळला त्या सोमवारपर्यंत.

हे मला कुणी विचारलं नव्हतं. जुन्या वह्या शीटमध्ये नव्हत्या. धारवाडच्या एका वाणाची जास्त हिरवं राहण्याची सरासरी साडेसात दिवस होती. त्यांनी रोज कॅमेऱ्याने मोजलं होतं. आठ ठेवले तर आम्ही पहिले. सात केले तर दुसरे. मला पहिलं यायचं होतं, हे कबूल करते. मग सौजन्याला मेसेज केला: आठ खोडून सात कर. मागच्या सगळ्या वर्षांचेही.

तिने अंगठा पाठवला. अकरा वर्षांतला एक दिवस असा अंगठ्यावर गेला.

एक्केचाळीस दुसरा आला. पुढच्या वर्षीच्या चाचणीत मात्र राहिला. आता शीटमध्ये तारखेचा आणि वाराचा रकाना आहे. दिवसांची वजाबाकी शीट करते, आमच्या बोटांवर कुणी विसंबत नाही. यंत्राला काय विचारायचं ते ठरवताना उत्तर देणारा माणूस कसा मोजतो हे आधी विचारावं, एवढं मी शिकले.

अण्णांना सांगितलं, "आपला एक दिवस कमी झाला."

"कुटं कमी झाला?" ते कणसं मोजता मोजता म्हणाले. "आठ दिवस म्हंजी सातच की."

एक्केचाळीस किती दिवस जास्त हिरवा राहतो असं कुणी विचारलं, तर माझ्या तोंडातून अजून आठच निघतं. मग मी कागद घेते आणि त्यावर सात लिहून देते.