करुणाची एकच किडनी

फोनवर प्रज्ञाचाच आवाज होता. मी सवयीनं म्हणाले, "बोल गं, कशी आहेस?" पलीकडून आलं, "ताई, मी करुणा. प्रज्ञा गेली."

कळमनुरीच्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवते, प्रज्ञा जीवशास्त्र शिकवायची. करुणा तिची जुळी बहीण, कुरुंद्याला दिलेली, हळदीच्या शेतात राबणारी. एकाच बीजातून झालेल्या, हुबेहूब. एकदा प्रज्ञानं वर्गात क्लोन केलेल्या दोन वासरांचं चित्र लावलं होतं. एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका, दुसऱ्याचं कपाळ कोरं. "जनुकं तीच, मग फरक काहून, म्याडम?" एका मुलीनं विचारलं. प्रज्ञा म्हणाली, "रंगाच्या पेशी गर्भात अंगभर पसरतात. कुठवर पोचतील, कुठं थांबतील, सगळं जनुकांत ठरलेलं नसतं. नशीब न्हाई म्हणायचं, योगायोग म्हणायचं."

पुढं तिच्या किडन्या निकामी झाल्या. नांदेडला डायलिसिस सुरू झालं, तरी ती घाबरली नव्हती. एकसारख्या जुळ्या बहिणीची किडनी शरीर परकी मानत नाही, हे तिनंच आम्हाला स्टाफरूममध्ये समजावलं. करुणा तर कपड्यांची पिशवी भरूनच दवाखान्यात आली. "दोन हायत ना मला? एक तिची. इचारायचं काय त्यात?"

सोनोग्राफीत दिसलं, करुणाला जन्मापासून एकच किडनी होती. दोन बाळंतपणं झाली, उन्हातान्हात राबली, कुणाला पत्ताच नव्हता. "आमी एकसारख्या हाव, साहेब. पुन्हा बघा," ती डॉक्टरांना म्हणाली. पुन्हा बघितलं. एकच. प्रज्ञानं तिचा हात धरला. "पोटात असतानाच राहून गेलं असंल गं. तुझा काय दोष?"

घरातल्या दुसऱ्या कुणाची किडनी जुळली नाही. प्रतीक्षायादीत नाव लागलं, नंबर आला नाही. अंगात ताकद होती तोवर प्रज्ञा वर्ग घेत राहिली. वासरांचा तो धडा मात्र मुलांना घरीच वाचायला सांगायची...

गेल्या आठवड्यात कुरुंद्याला गेले. हळद शिजवणं चालू होतं. करुणा कढईजवळून घामाघूम होऊन आली आणि वाटीत थोडं पाणी घेऊन बसली. डायलिसिसवर पाण्यावर बंधन असतं; तेव्हा प्रज्ञा असंच प्यायची, वाटीनं, मोजून, तहान मारत. "तांब्याभर घे की. तुला तर डॉक्टरांनी भरपूर प्यायला सांगितलंय," मी म्हणाले.

"उतरत न्हाई, ताई."

दोन घोट घेऊन तिनं वाटी खाली ठेवली, आणि पुन्हा कढईकडे गेली.