मोरीचं मोरीत

आमच्या खाडीकाठी मोरी म्हणजे मासा. श्रीगोंद्याकडे मोरी म्हणजे भांडी घासायची, अंघोळीची जागा. मामाने साखर कारखान्यातल्या ओळखीतून हे स्थळ आणलं, पण एवढं काही त्या शहाण्याने मला सांगितलं नाही. लग्नानंतर सासूबाईंनी विचारलं, "तुमच्यात बाळंतिनीला काय घालत्यात?" मी तोऱ्यात म्हणाले, "मोरी!" सगळं घर पोट धरधरून हसलं. तेव्हापासून माझं नाव पडलं मोरीवाली.

हसा मेल्यांनो. तुम्हाला काय ठाऊक मोरी! किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी फिरणारा शार्क मासा तो. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवलात तर सोलून निघेल असं खरखरीत अंग. आमचा सुतार त्या कातड्याने लाकूड घासायचा. आत काटा नाही, कानाच्या पाळीसारखं मऊ हाड. काळजाचं तेल होड्यांना चोपडत, आणि पर वाळवून व्यापारी दर्यापार धाडत. आणि आमच्याकडची मोरी अंडी टाकत नाही, पिल्लं घालते. पोट चिरलं की नाळेला लागलेली पिल्लं निघतात, अगदी माणसासारखी. आई म्हणायची, जिला नाळ असते तिचंच मटण बाळंतिणीला लागू पडतं, दूध उतरतं.

बाळंतपणाला माहेरी जायची रीत. पण बहात्तरचा दुष्काळ पडला होता. सासूबाई म्हणाल्या, "खडी फोडायला दोन हात कमी व्हत्याल. हितंच हू दे." मग मी पोट सांभाळत रस्त्याच्या कामावर खडी फोडली, तिथे मिळणारी सुकडी खाल्ली. नवरा बैलं घेऊन छावणीत गेला होता. मुलगी झाली. दुष्काळात तेरावा महिना म्हणून सासूबाईंनी तोंड फिरवलं.

माझं दूध आटलं. म्हैस कधीच विकली होती, गावात कुणाकडे दुभतं उरलं नव्हतं. पोर नुसती ओढायची आणि रडून रडून निळी पडायची. मी मामाकडून आईला निरोप धाडला. दादा सुकी मोरी घेऊन एसटीने आला.

त्याने पुडकं पुढे ठेवलं. "मावशी, आईने मोरी दिलीय. हिला शिजवून घाला."

सासूबाईंनी पुडकं सोडलं. खारवलेल्या मोरीला मुताचा वास येतो, खोटं कशाला बोलू. शिजली की जातो. पण या घरात बोकड चालायचा आणि मासळीचं नाव काढलं की नाकाला पदर लागायचा.

"अगं बया! मोरी व्हय ही? मग जाऊ दे मोरीतच," म्हणाल्या, आणि सगळं पुडकं मोरीत पालथं केलं. वर खदाखदा हसल्या. दादाच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच राहिला. मुलीकडचा माणूस तो. न पिताच उठला.

दुपारी त्या टँकरच्या रांगेत गेल्या. मी मोरीतल्या घाणीतून तुकडे वेचले. धुवायला पाणी नव्हतं, राखेने पुसले, रिकाम्या गोठ्यात शिजवले आणि खाल्ले, राखेसकट. दूध उतरलं! मोरीनं उतरलं की पोटात काहीतरी पडलं म्हणून, देव जाणे. पोर चुटुचुटु प्यायली, प्यायलीच. मी आनंदाने रडले.

सासूबाईंनी एकदा तिचं तोंड हुंगलं. "पोरीच्या तोंडाला वास मारतोय! खाल्लीस व्हय ती घान? वास जाईस्तवर हिला अंगाला लावायची न्हाई." पोर उचलली, आतल्या खोलीत नेली, आतून कडी घातली.

मी दार बडवलं. "आत्याबाई, मरंल हो ती! पाया पडते तुमच्या!"

"गुळाच्या पान्यावर तुझा नवराबी वाढलाय."

त्या बाईला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

पोर आत रडली की इकडे माझी चोळी भिजायची. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. मी कण्हायला लागले तसं आतून उत्तर आलं, "ठनकतंय? मग मोरीत बसून पिळून टाक." मी मोरीत बसले आणि पिळलं. भिंतीच्या भोकातून दूध बाहेर जात होतं, तिकडे कुत्री चाटत होती. चाटल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी तिचं रडणं बारीक झालं. दिवस कलताना ते थांबलं.

"बघ, निजली," सासूबाई आतून म्हणाल्या.

ती परत उठली नाही. मी मोरीतच बसले होते आणि दूध गळतच होतं.