बिनआवाजाचा पंखा

कुरखेड्यात भूपेशच्या कानाला मोठा मान होता, आणि खरं सांगायचं तर त्या मानानेच त्याचा घात केला. वरातीतला कुठला ढोल सैल झालाय हे तो घरात बसून सांगायचा. नाटकाच्या मंडपात माईक कुईं करायच्या आधीच याचा चेहरा वाकडा व्हायचा. बायको रीता म्हणायची, "यायले भाजीत मीठ नसलं तं समजत नाई, पण कुकरची शिट्टी बेसूर झाली का लगेच समजते." लोक हसायचे, भूपेशही हसायचा, पण मनातून सुखावायचा.

धंदाही कानाचाच. आधी तो कॅसेटी भरून द्यायचा. मग झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं काम मिळू लागलं. दिवाळी झाली की या कंपन्या गावोगावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, रात्ररात्र नाटकं करत हिंडतात, ते थेट होळीपर्यंत. त्यांना पडदा उघडतानाचं संगीत लागतं, विजांचा कडकडाट लागतो, रसिकांना नमस्कार घालणारा भारदस्त आवाज लागतो. हे सगळं भूपेश घरच्या पुढच्या खोलीत तयार करायचा. दोन हजार सालच्या सुमाराला त्याने नागपूरहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला आणि कॅसेटचं मशीन फळीवर चढवलं. रीताने त्यावर विणलेला रुमाल घातला.

कॉम्प्युटर जुना आणि कामं नवी. एकीकडे आधी भरून ठेवलेला तबला-ऑर्गन वाजवायचा आणि त्याच वेळी दुसरीकडे गाणं भरून घ्यायचं म्हटलं की तो अडखळायचा, मधेच टक्-टक् टाकायचा. नवा घ्यायची ऐपत नव्हती. मग भूपेशने नागपूरच्या एका मित्राकडून ओव्हरक्लॉकिंगची विद्या शिकून घेतली. म्हणजे कंपनीने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो, त्याच्यापेक्षा जास्त वेगाने त्याला पळवायचं. चार पोती ओढणाऱ्या बैलाला सहा पोती लादावी, तसं. बैल ओढतो, पण तोंडाला फेस येतो. प्रोसेसर तापू लागला म्हणून भूपेशने त्याच्यावर जोराचा पंखा बसवला. टक्-टक् गेली आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडू लागला. विजांचा कडकडाट भरताना ते चालून जायचं, तिथे पंख्याला कोण विचारतो.

श्रीहरीमामा हा भूपेशच्या आईचा धाकटा भाऊ. पावसाळ्यात तलावावर मासे धरायचे आणि हिवाळ्यात रंगमंचावर मरायचं, असं त्याचं वर्ष. कंपनीत त्याच्याकडे बापाची भूमिका ठरलेली होती आणि तो बाप तिसऱ्या अंकात पद म्हणत म्हणत जीव सोडायचा. बाया पदर भिजवायच्या. तलावाच्या अलीकडच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, त्याने "ओ तारेऽऽ, टोपली आण वो!" अशी हाक दिली की पलीकडे कपडे धुणारी त्याची बायको ताराबाई टोपली घेऊन निघायची, आणि बाकीच्या बाया उगाच खिदळायच्या. आपल्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, येताना आणि जाताना. इतर मामा वाकल्यासारखं करतात. हा मात्र पार जमिनीला हात टेकवायचा आणि नाटकातल्या आवाजात म्हणायचा, "भाचेबुवा, पायधूळ घेतो!" लहानपणी भूपेश त्या आवाजाला घाबरून आईमागे लपायचा. मोठेपणी तो आवाज त्याला जगातला सगळ्यात चांगला आवाज वाटत होता.

दोन हजार एकच्या दिवाळीत तोच आवाज बसला. "तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन बसला असंन," म्हणून कुणी ज्येष्ठमध दिलं, कुणी हळदीचं दूध. होळी झाली तरी घसा सुटेना, तेव्हा ताराबाईने त्याला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि कॅन्सर आहे म्हणून सांगितलं. आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. जूनची तारीख मिळाली. मामा जगणार होता, पण बोलणार नव्हता.

बसमधून उतरला तो मामा सरळ भूपेशकडे आला. पाया पडला. उठायला त्याला वेळ लागला.

"घसा कापाले देतो गा मी," तो म्हणाला, "पण पह्यले माह्ये पदं तुह्या मशीनमंदी भरून घे. तारीजवळ रायतीन."

आवाज फाटला होता, सूर मात्र जागचा हलला नव्हता. भूपेशच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भरतो, मामा. असे भरतो का नागपूरवाले पाहात रायतीन."

हे तो मनापासून बोलला. नागपूरवाल्यांचं नाव इथे काढायची काही गरज नव्हती, पण मानी माणसाचं मन असंच चालतं.

दुपारी गल्ली सामसूम असते म्हणून दुपारची वेळ ठरली. मे महिना, डोक्यावर टिनाचं छत. आवाज नको म्हणून घरातला कूलर बंद, पंखा बंद, खिडकी बंद. मामा घामाने निथळत बसायचा आणि ताराबाई कोपऱ्यातून त्याला सुपाने वारा घालायची, पद सुरू झालं की हात थांबवायची. पहिल्या दिवशी अंदाज घ्यायला म्हणून भूपेश म्हणाला, काहीही बोला. मामाने डोळे मिटले आणि तलावावरची हाक दिली, "ओ तारेऽऽ, टोपली आण वो!" शेवटचं अक्षर घशातच अडकलं. ताराबाईने तोंडाला पदर लावला. "बुढ्याले काई अक्कल नाई," ती म्हणाली, पण खुश झाली होती. पडद्यावर हिरव्या रेघांचे डोंगर उमटले. मामाने त्यांच्यावर बोट ठेवलं.

"हा मी काय?"

"हो मामा. हे तुमीच."

मामा रोज जीव ओतून गायचा, कारण नुसतं तालमीपुरतं अर्धं गाणं त्याला येतच नव्हतं. तो घरी गेला की भूपेश हेडफोन चढवायचा. पदामागे मशीनचा पंखा. दोन ओळींच्या मधे पंखा. बाप जीव सोडतो तिथे मामा जो लांब श्वास घ्यायचा, त्या श्वासातही पंखा. हळूहळू भूपेशला मामा ऐकूच येईनासा झाला, पंखाच ऐकू येऊ लागला. डिस्क लहान होती. "हा कचरा ठेवून काय करू," म्हणत तो भरलेलं सगळं पुसून टाकायचा आणि उद्यासाठी जागा करायचा. मामाला यातलं काही ठाऊक नव्हतं. एकेक पद मशीनच्या पोटात जाऊन बसतंय, अशीच त्याची समजूत होती.

भूपेशने उपाय काही कमी केले नाहीत. कॅबिनेटवर गोधडी टाकली, तर दुसऱ्याच कडव्याला मशीन तापून बंद पडलं. वेग उतरवून जुना लहान पंखा लावला, तर टक्-टक् परत आली. कॅबिनेट अंगणात ठेवून लांब वायर ओढली, तर वायरीतून घूंऽऽ असा नवाच आवाज शिरला. नुसत्या हार्मोनियमवर गा म्हटलं असतं, तर सावकाश चालणाऱ्या मशीनवरही काम भागलं असतं. पण भूपेशला मागे तबला हवा, ऑर्गन हवा, सगळी बैठक हवी. दिवस चालले होते आणि मामाचा आवाज रोज थोडा थोडा खाली बसत होता. एका दुपारी रीताने फळीवरच्या मशीनवरचा रुमाल काढला.

"कॅसेटवर भरून घ्या ना. याले पंखा-बिंखा काईच नाई."

"त्याच्यात शूंऽऽ येते. टेपची."

"मंग येऊ द्या ना. मामाजी तं येतीन."

"तुले नाई समजत ते."

रीताने रुमाल परत घातला. तिने तेव्हा भांडायला हवं होतं, असं तिला पुढे फार वाटत राहिलं.

शेवटी भूपेशने ठरवलं की प्रोसेसरचा कूलरच बदलायचा. धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा, असं ते प्रकरण नागपूरला मिळायचं. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. "माणसं उकडून मरून राह्यले, अन् हा मशीनले कूलर आणाले चाल्ला!" पहाटेच्या बसने तो निघाला. मामाला सांगून गेला, "आजचा दिवस थांबा, मामा. उद्यापासून आणखी साफ भरू." मामाने मान हलवली. त्या दिवशी त्याला बोलायला जड जात होतं.

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानदाराने तीन कूलर काढून ठेवले. पहिला स्वस्त होता, पण त्याचा पंखा लहान, आणि लहान पंख्याला तेवढीच हवा द्यायची तर जोरात पळावं लागतं, म्हणजे ओरडावं लागतं. दुसरा सगळा तांब्याचा, बाहेरदेशचा. त्याच्या किमतीत चांगली सायकल आली असती, आणि वजन असं की बोर्डवरची पकड तुटायची भीती. तिसरा ॲल्युमिनियमचा, बुडाला तेवढी तांब्याची चकती, आणि वर रुंद, सावकाश फिरणारा पंखा. भूपेशने तिन्ही चालू करून घेतले. रस्त्याच्या गोंगाटात काही कळेना म्हणून तो मागच्या गोदामात जाऊन दार लावून बसला आणि एकेकाला कान लावला. तिसऱ्याचा आवाज झोपलेल्या लेकराच्या श्वासाएवढा होता. दुकानदार वैतागला, जेवायची वेळ टळली, पण भूपेशने घाई केली नाही. पांढऱ्या लेपाची ट्यूबही घेतली, जी चकती आणि प्रोसेसर यांच्यामधे लावतात. परतीच्या बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसला होता तेव्हा तो सुखी होता. हे सांगायलाच हवं, कारण त्यानंतर तो तसा सुखी कधी दिसला नाही.

संध्याकाळी कुरखेड्याच्या स्टँडवर रीता उभी होती.

"मामाजीचा दुपारी श्वास कोंडला. जीपमंदी टाकून नागपूरले नेलं."

वाटेतल्या वडशाच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी त्याची बस आणि मामाची जीप एकमेकांच्या बाजूने निघून गेल्या असणार. त्याच दिवशी डॉक्टरांनी श्वासासाठी गळ्याला भोक पाडलं, आणि जूनची वाट न बघता आठवड्याच्या आत पेटी काढली.

भूपेशने कूलर बसवला. का बसवला, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. मशीन चालू आहे की बंद, हे आता दिवा पाहून ठरवावं लागत होतं. मग तो पुसलेलं शोधायला बसला. कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपली त्याने स्वतःच्या हाताने रिकामी केलेली. मित्राने दिलेल्या एका प्रोग्रॅमने काही तुकडे वर काढले. त्यात तबला होता, ऑर्गन होता, मामा नव्हता. दवाखान्यात तो भेटायला गेला, पायथ्याशी बसला, पण सांगायचं धाडस झालं नाही. मामानेच खुणेने विचारलं, बोटाने हवेत डोंगर काढून. भूपेशने मान डोलावली. ती मान त्याने डोलावायला नको होती.

तलाव भरले तेव्हा मामा आला, ताराबाईला घेऊन. गळ्याला पांढरं फडकं बांधलेलं. दारातच तो वाकला, जमिनीला हात टेकले, सवयीने तोंड उघडलं, आणि फडक्यातून फुस्स असा वारा आला. भूपेशने त्याला धरून खुर्चीवर बसवलं. रीता चहा ठेवायला म्हणून आत गेली ती बाहेर येईना.

"पदं राहू दे, भूपेश," ताराबाई म्हणाली. "पह्यले ते हाक लाव, बापा. तलावावरची. आता हे हाक देत नाई तं टोपली कवा न्याची मलेच समजत नाई. घडीघडी पाळीवर जाऊन पाहा लागते. एकडाव ऐकतो अन् घरी जातो."

भूपेशने मशीन चालू केलं. काहीच आवाज आला नाही. मामा चमकला. त्याने कॅबिनेटवर तळहात ठेवला, वाकून कान लावला, आणि त्याचा चेहरा फुलला. महिनाभर ज्याने छळलं तो पंखा भाच्याने गप्प करून दाखवला होता. त्याने भूपेशच्या पाठीवर थाप मारली आणि पडद्याकडे बोट केलं. पडदा रिकामा होता.

"मामा, काईच नाई याच्यात," भूपेश म्हणाला. "मी पुसून टाकलो. रोजच्या रोज. पंख्याचा आवाज येत होता म्हणून."

मामाला पटकन उमगलं नाही. ताराबाईला उमगलं.

"पंख्याचा येत होता," ती नवऱ्याकडे पाहत म्हणाली, "पण यायचा बी येत होता ना?"

 भूपेश खुर्चीच्या पाठीला धरून रडू लागला, मोठ्याने, लहान पोरासारखा. रडून झाल्यावर खोलीत एकच आवाज उरला, मामाच्या गळ्यातून आत-बाहेर होणाऱ्या श्वासाचा. मशीन चालूच होतं.

ताराबाई उठली. चहा न घेताच ती पायरी उतरून रस्त्याला लागली. मामा मागे थांबला. जाताना रिवाज असतो, म्हणून तो वाकला. भूपेशने पाय मागे ओढले, "नको मामा, माह्ये नको," म्हणत भिंतीला टेकला. मामाने त्याचे दोन्ही घोटे हातांनी घट्ट धरले, हात कपाळाला लावला, आणि छत्री उघडून बायकोच्या मागे निघाला.