लांडोरीचे रंग

संस्थान विलीन झाल्याला तीन-चार वर्षं झाली असतील. देवासच्या एका शाळेत बालवर्गाला मी चित्रांचं एकच पुस्तक वर्षभर पुरवलं. गोष्ट लांडोरीची. पूर्वी तीही मोराइतकीच रंगीत होती. खोटं बोलली की तिचा एक रंग गळायचा. पुस्तक मराठी, मुलं माळवी. पान उलटलं की पुढे काय झालं म्हणून ओरडायची, "बेनजी, फेर कईं हुयो?" शेवटच्या पानावर लांडोर मातकट. "म्हणून नेहमी खरं बोलावं," मी सांगत असे. सांगताना मला काहीच वाटत नसे.

नवरा इंदूरच्या इस्पितळात वारला होता. थोरल्या दिरांनी धरमपुरीला नर्मदेवर दिवस केले, डोकं भादरलं आणि परतल्यावर महिनाभर डोक्यावरची टोपी काढली नाही. सासूबाईंचं हृदय नाजूक. धक्का सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून मुलाची ग्वाल्हेरला बदली झाली, असं आम्ही त्यांना सांगितलं. न आलेली पत्रं मी वाचून दाखवी. घरात कुंकू लावायचं, गल्लीच्या वळणावर पदराने पुसायचं, कारण शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. येताना पुन्हा लावायचं. चार वर्षांची लेक माझं बोट धरून हे रोज बघे. तिला गप्प बस म्हणून सांगावं, एवढीही अक्कल मला नव्हती. होती ती सगळी लोकांच्या पोरांना शहाणं करण्यात खर्ची पडत होती.

एका संध्याकाळी लेकीने ते पुस्तक आजीच्या मांडीवर उघडलं. मातकट लांडोरीवर बोट ठेवून म्हणाली, "आजी, आईपण खोटं बोलते. म्हणून वळणावर तिचं कुंकू जातं."

मी पोळ्या लाटत होते. हात थांबला नाही. आता सासूबाई जाणार, एवढंच मनात आलं. भीतीही वाटली नाही.

सासूबाईंनी पुस्तक मिटलं. "थोरला टोपी घालून जेवायला बसला, तेव्हाच मला कळलं," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "माझ्यासमोर तरी तुझं कपाळ भरलेलं राहावं, म्हणून गप्प राहिले हो."

मी पोळी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी घरातूनच मोकळ्या कपाळाने निघाले. वळणावर लेक सवयीने थांबली आणि वर बघत उभी राहिली. पुसायला काही नव्हतं. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच मला रडू आलं.